वंशावळीतील कोरी जागा

आपल्या घराण्याची वंशावळ मांडावी, ही ओढ अलीकडे आपल्या समाजात वाढत आहे. गोव्यातील अनेक कुटुंबे पोर्तुगीज नागरिकत्वाच्या निमित्ताने आजोबा-पणजोबांचे दाखले शोधत चर्चच्या दप्तरापर्यंत जातात, तर काही जण केवळ जिज्ञासेपोटी. परंतु दप्तर आपण विचारू तेवढेच सांगून थांबत नाही. एखाद्या पूर्वजाच्या स्नानसंस्काराच्या नोंदीत आईचे नाव असते आणि पित्याच्या जागी दोनच पोर्तुगीज शब्द : ‘पाय इन्कॉग्नितो’, म्हणजे पिता अज्ञात. घराण्याच्या थोरवीच्या कथा ऐकत वाढलेले मन तेथे अडखळते.

अशा वेळी प्रश्न पडतो : हे सत्य कोणाचे? शोधणाऱ्याचे, कुटुंबाचे, की जिने ते जन्मभर पोटात ठेवले त्या माउलीचे?

ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली विवाहाची नोंद बंधनकारक केली. गुपचूप लग्न करून, मग पत्नीला टाकून दुसरीशी उजळमाथ्याने विवाह करणाऱ्यांना आळा बसावा, हा त्यामागील हेतू होता. स्त्रीच्या रक्षणासाठी आलेल्या या वह्यांशेजारीच स्नानसंस्काराच्या वहीत तिची नामुष्कीही नोंदली गेली. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार अनौरस मुलाला विशेष सूट मिळाल्याखेरीज धर्मगुरू होता येत नसे. १९८३ च्या संहितेत ही अट उरली नाही. तेव्हा आपल्या वाडवडिलांनी जे झाकले, ते निष्कारण झाकले नाही. त्या मौनातून त्या स्त्रीच्या वर्तनापेक्षा तिच्या भोवतालच्या समाजाचे, म्हणजे आपलेच, स्वरूप अधिक कळते.

मग ते मौन मोडावे का? १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात दोन गोष्टी बजावून सांगितल्या आहेत. दुसऱ्याचा दोष खरा असला, तरी सबळ कारणावाचून तो अजाण माणसांपुढे मांडणे हे पाप आहे. आणि ज्याला सत्य जाणण्याचा हक्क नाही, त्याला ते सांगण्यास कोणी बांधील नाही. आमच्या मते, ज्याच्या रक्ताशी त्या सत्याचा संबंध आहे त्याला ते कळण्याचा हक्क आहे, गावाला नाही. आणि ते गुपित वागवणारी व्यक्ती हयात असेल, तर पहिला शब्द तिचा. वृद्ध मावशीच्या डोळ्यांदेखत तिचे तारुण्य लग्नमंडपात चर्चेला काढणे, याला संशोधन म्हणता येणार नाही.

तरीही खोटे लिहू नये. संत मत्तयाने प्रभूची वंशावळ सांगताना तामार आणि राहाब यांना वगळले नाही. शलमोनाच्या आईचे नाव त्याने घेतले नाही; ती उरीयाची पत्नी होती, एवढेच लिहिले. त्यामुळे वाचकाला आठवते ते दावीद राजाचे पाप.

आपल्या वंशावळीतील ती जागा कोरीच राहू द्यावी. तेथे सोयीचे नाव घालू नये. आईचे नाव मात्र ठळक लिहावे. आणि येत्या २ नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा अर्पण करताना, घरातील ज्येष्ठांच्या नावांबरोबर तिचेही नाव त्या यादीत द्यावे. इतकी वर्षे ते बहुधा कोणी दिले नसेल.