विजेचा अडत्या

आमच्या अण्णांना दोन गोष्टी पाहवत नसत : पानात टाकलेलं अन्न आणि रिकाम्या खोलीत जळणारा दिवा. पहिल्या अपराधाबद्दल ते निदान बोलत. दुसऱ्यासाठी बोलणं नाही, नुसतं उठायचं आणि बटण बंद करायचं. कधीकधी खोलीत आपण वाचत बसलेले असलो तरी. वाड्याच्या जिन्यातला दिवासुद्धा उजाडलं की तेच बंद करत. त्याचं बिल भरायचा घरमालक, आणि गळक्या छपरावरून अण्णांचं त्याच्याशी पंधरा वर्षं भांडण चाललेलं. मी एकदा विचारलं, "अण्णा, त्याची वीज वाचवून आपल्याला काय मिळतं?" तर म्हणाले, "विजेवर काय त्याचं नाव लिहिलंय?" मला ते उत्तर तेव्हा वेडेपणाचं वाटलं होतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचा कॉम्प्युटर. तो फार घरघरायला लागला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा बघायला आला. त्याने खोकं उघडलं, आतल्या एका पत्र्याच्या डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "काका, हा तुमचा एसएमपीएस. अजून दोन वर्षं चालेल. पण वीज खातो."

आमच्या घरात इतकी वर्षं कोणीतरी काहीतरी खात होतं आणि मला पत्ता नव्हता!

मुलाने समजावलं ते असं. भिंतीतून येते ती 230 व्होल्टची, क्षणाक्षणाला दिशा बदलणारी वीज. कॉम्प्युटरच्या नाजूक पोटाला चालते 12, 5 नाहीतर 3.3 व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी. मध्ये हा डबा बसलेला, मार्केट यार्डातल्या अडत्यासारखा. माल इकडून घ्यायचा, तिकडे द्यायचा आणि आपली अडत कापायची. माझा अडत्या, मुलाच्या अंदाजाने, शंभरातले तीस कापत होता. बरं, त्या तिसांचा त्याला तरी काही उपयोग होता का? नाही. त्यांची उष्णता करून तो छोट्या पंख्याने खोलीत सोडायचा, आणि खोलीत उकडतं म्हणून आम्ही वरचा मोठा पंखा लावून बसायचो.

प्रामाणिक अडत्येही असतात म्हणे. 2004 साली अमेरिकेत '80 प्लस' नावाची योजना निघाली. भार थोडा असो, निम्मा असो की पुरा, शंभरातले निदान ऐंशी जो पुढे पोचवील त्याला शिक्का. मग ऐंशीवर समाधान होईना, तेव्हा ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि टायटॅनियम अशी चढती भाजणी लागली. गोल्डवाला निम्म्या भाराला नव्वदीच्या घरात पोचवतो. मी तर 750 वॉटचा गोल्ड घ्यायला निघालो होतो. घ्यायचा तर मोठा घ्यावा, ही आपली वृत्ती. मुलाने थांबवलं. "काका, तुमच्या कॉम्प्युटरला एरवी लागतात 60 वॉट. भार फारच कमी असला की चांगल्याचाही परफॉर्मन्स पडतो." म्हणजे लग्नातल्या पातेल्यात दोघांची आमटी. गॅस जळायचा तो पातेलं तापवण्यातच. तेव्हा 450 वॉटचा ठरला.

"सोनं घ्यावं म्हणतोय," मी घरी जाहीर केलं. आमची ही तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली आहे. तिने आनंदाने उडी वगैरे काही मारली नाही. पेन्सिल मागितली.

"60 भागिले 0.7, म्हणजे भिंतीतून 86 वॉट. तुमच्या सोन्याला 69 लागतील. फरक 17 चा. रोजचे आठ तास धरले तर वर्षाला 50 युनिट. दहा रुपयांनी 500. आणि साध्यापेक्षा हा महाग किती?"

"4,400 नी."

"म्हणजे पैसे फिटायला जवळजवळ नऊ वर्षं. त्याला सात वर्षांची गॅरंटी आहे. तुम्हाला किती?"

गणिताच्या बाईंशी लग्न करू नये असं माझं म्हणणं नाही, पण तयारी असावी.

हिशेब बरोबर होता. त्यात उणं होतं ते एवढंच, की त्या कागदावर मी आणि माझं बिल यांच्याशिवाय कोणी नव्हतं. औष्णिक केंद्रात एका युनिटला ढोबळमानाने सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. 50 युनिटांना तीस-पस्तीस किलो; चांगलं एक पोतं. तो चंद्रपूरला नाहीतर कोराडीला जळतो आणि तिथल्या चिमणीखाली राहणारा माणूस माझं बिल वाटून घेत नसला तरी धूर घेतो. त्याचे किती रुपये धरायचे? ही म्हणाली, "ते पुस्तकात नव्हतं." मी गोल्ड घेतला. उगीच खोटं कशाला बोलू, त्यात थोडी ऐटही होती. आलेल्या-गेलेल्याला मी कॉम्प्युटरचं खोकं उघडून दाखवत असे.

आणि एक चमत्कार झाला. पूर्वी चहाला उठताना मी कॉम्प्युटर बंद करायचो. आता चहा, पेपर, आंघोळ, तो आपला चालू. म्हटलं, असू दे, गोल्ड आहे! दोन महिन्यांनी बिल पाहिलं तर युनिट चार वाढलेले. पुण्याचा असा परस्पर खर्च होत असतो.

पण खरी पंचाईत पुढेच होती. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचा मुलगा डिप्लोमाला आहे. जुने भाग जमवून तो कॉम्प्युटर जुळवत होता आणि त्याचं अडलं होतं नेमकं एसएमपीएसवर. मी मोठ्या मनाने म्हटलं, "आमचा जुना आहे की! घेऊन जा म्हणावं." बाई खूश, मीही खूश. त्या गेल्यावर ही शांतपणे म्हणाली, "म्हणजे ते 50 युनिट आता त्यांच्या मीटरवर."

मीटरही त्यांचा नव्हेच. खोलीमालकाने पोटमीटर लावलाय आणि युनिटला तो म्हणेल तो दर. मी दान म्हणून जे देत होतो ते दर महिन्याला भरायचं बिल होतं. कोळशाचं पोतं होतं तेवढंच राहणार होतं. फक्त माझ्या दारातून उचलून बाईंच्या दारात जाणार होतं.

नवा त्याला द्यावा आणि जुना आपण लावावा, असं क्षणभर मनात आलं. अण्णांनी केलं असतं. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी दुकानात जाऊन मुलासाठी ब्राँझवाला आणला. माझी सदसद्विवेकबुद्धी गोल्डपर्यंत पोचली नाही. पोराने तो लावला आणि मला येऊन विचारलं, "काका, तुमचा जुना चालू होता ना? मग हा का?" मी काहीतरी पुटपुटलो.

जुना डबा सहा महिने माळ्यावर होता. गेल्या रविवारी भंगारवाला आला. त्याने तो हातात तोलला.

"चालू आहे का, साहेब? चालू असला तर पन्नास देतो. माझं एक गिऱ्हाईक आहे."

मला ते गिऱ्हाईक दिसलं. त्याचा मीटरही दिसला. धडधडीत चालू वस्तू मोडीत काढायला माझा हात होत नव्हता, आणि द्यायलाही होत नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "जळालाय."

"मग वीस."

वीस रुपये माझ्या हातावर ठेवून त्याने डबा कानाशी नेऊन हलवला, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि हसला.

"जळाल्याचा वास नाही येत, साहेब," असं म्हणून त्याने तो बाकीच्या भंगारात न टाकता हँडलला लावलेल्या पिशवीत नीट ठेवला.