अंगणाचा कोपरा

शास्त्रपाठ : उत्पत्ती 1:29-30, लेवीय 19:9-10



आम्हा बेंगळुरूकरांना आपल्या फुलझाडांचा मोठा अभिमान. 1908 साली लालबागेची धुरा हाती घेणाऱ्या क्रुम्बीगल या जर्मन उद्यानतज्ज्ञाने एका झाडाचा बहर ओसरताच दुसरे फुलावे, अशी योजना केली. जॅकरंडा दक्षिण अमेरिकेचा, गुलमोहर मादागास्करचा. तरी त्यांचे सौंदर्य देवाचेच दान आहे.

पण डोळ्यांचे सुख म्हणजे सर्वांचे अन्न नव्हे. फुलपाखराची अळी वाटेल ते पान खात नाही. रुईवर एक जात वाढते, बहाव्यावर दुसरी, कढीलिंबावर तिसरी. परक्या पानांवर येथील थोड्याच अळ्यांचा निभाव लागतो. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या पिलांना अळ्या व किडेच भरवते. म्हणजे जेथे अळी नाही, तेथे चिमणीचे घरटेही उपाशी. आणि प्रभू येशूने तर सांगितले आहे, की एकही चिमणी पित्याच्या नजरेआड नाही!

माझा अपराध कबूल करतो. अंगणातल्या कढीलिंबाची पाने कुरतडलेली पाहून मी एके सकाळी त्यावर औषध फवारले. अळ्या मेल्या. त्याच रात्री जेवणापूर्वी मी अन्नाबद्दल देवाचे आभार मानले, तेव्हा शब्द घशात अडकले. ज्या अध्यायात देवाने मनुष्याला अन्न नेमून दिले, त्याच अध्यायात पाखरांना व सरपटणाऱ्या जीवांनाही हिरवा पाला दिला आहे. मी दुसऱ्याचे ताट उधळून आपल्या ताटावर आशीर्वाद मागत होतो.

इस्राएलास आज्ञा होती, की शेताचे कोपरे कापू नयेत. ते गरिबासाठी व उपऱ्यासाठी राखावेत. कुरतडलेले पान हे आपल्या अंगणाचे कोपरे होत. जागा असेल तर बहावा लावा, कुंपणापाशी रुई राहू द्या. सदनिकेत राहत असाल तर कुंडीत कढीलिंब लावा. मग पाने खाल्ली गेली तर हळहळू नका, औषधाची बाटली शोधू नका.

ज्या बागेत कोणी काहीच खात नाही, ती नीटनेटकी असेल. पण एदेनाच्या धन्याला ती आपली वाटेल काय? यंदाच्या पावसाळ्यात आपल्या अंगणाचा कोणता कोपरा आपण त्याच्या लेकरांसाठी राखणार आहोत?

प्रभू आपणांस उदार हात देवो. आमेन.