न बोललेले दुखणे

विवाहसंस्काराच्या वेळी वधूवर वेदीसमोर उभे राहून सुखदुःखात, आजारात आणि आरोग्यात एकनिष्ठ राहण्याचे वचन देतात. त्या घडीला ‘आजार’ म्हटले की ताप, अपघात, फार तर अंथरुणाला खिळलेले म्हातारपण डोळ्यांपुढे येते. मनाचा आजार, आणि त्यावरील औषधाने पतिपत्नींत आणलेला दुरावा, आपण त्यात धरलेला नसतो.

नैराश्यावरील औषधांनी अनेकांना आत्मनाशाच्या कड्यावरून मागे आणले आहे, हे प्रथम कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. १९८७ साली फ्लुओक्सेटिन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्यावर काम करणारी त्या जातीची औषधे जगभर पसरली. झोप परतते, भूक लागते, माणूस पुन्हा कामाला लागतो. परंतु अनेकांच्या बाबतीत कामेच्छा मंदावते, शरीर साथ देत नाही, तृप्ती लांबते किंवा लाभतच नाही. स्पेनमधील ३४४ रुग्णांची पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीत आपणहून ही तक्रार सांगणारे १४ टक्के होते. डॉक्टरांनी थेट विचारल्यावर हे प्रमाण ५८ टक्क्यांवर गेले. म्हणजे त्रास असलेल्या दर चौघांपैकी सुमारे तिघे विचारीपर्यंत गप्प होते.

या मौनातच खरा नैतिक प्रश्न आहे. पती गप्प राहतो, कारण पुरुषार्थाला उणेपणा येईल अशी त्याला भीती वाटते. पत्नी समजते, आपण नकोशा झालो. रुग्ण पत्नी असेल तर तिला कुणी विचारीतही नाही. स्त्रीची इच्छा मावळणे ही आपल्या समाजात तक्रारच मानली जात नाही. शेवटी कुणी गुपचूप गोळ्या बंद करतो. संसार वाचवावा म्हणून केलेले हे धाडस अंगलट येते: एकाएकी औषध तोडल्याने चक्कर, बेचैनी, निद्रानाश उद्भवू शकतो आणि मूळ आजारही उलटू शकतो.

मग कर्तव्य कोणते? वैवाहिक ऋण फेडण्यासाठी औषध सोडावे, की प्रकृतीसाठी प्रेमाचा हा भाग मुकाट्याने सोडून द्यावा? मला वाटते, प्रश्नाची ही मांडणीच सदोष आहे. संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात दांपत्याला एकमेकांपासून दूर राहण्याची मुभा देतो, पण ती परस्परसंमतीने आणि काही काळापुरती. आजाराने आलेला दुरावा कुणी निवडलेला नसतो, हे खरे; तरी त्याचे कारण झाकून ठेवले, तर संमतीला जागाच उरत नाही. देह काही काळ देता आला नाही, तर तो दोष नव्हे. पण सत्य देता येत असूनही न देणे, हे आत्मदानात राखलेले अंतर आहे.

काही धार्मिक मंडळी सांगतील, देहसुख गौण आहे, हा क्रूस समजून वाहावा. हा उपदेश घाईचा आहे. शब्द देही झाला, असे मानणारा आपला धर्म देहाला तुच्छ कसा लेखील? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली पतिपत्नींच्या देहमीलनाला प्रतिष्ठेचे आणि पावित्र्याचे स्थान दिले. ज्या दुखण्यावर इलाज शोधता येतो, ते अंगावर काढण्याला क्रूस म्हणू नये. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, औषध बदलू शकतात. ब्युप्रोपिऑन, मिर्टाझापिन यांसारख्या औषधांत हा त्रास तुलनेने कमी आढळतो. इच्छा मावळणे हे नैराश्याचेही लक्षण असते, म्हणून दोष कशाचा हे त्यांनाच ठरवू द्यावे. मात्र सर्वांनाच उपाय लाभतो असे नाही. काहींचा त्रास औषध थांबल्यावरही टिकतो, म्हणून युरोपीय औषध संस्थेने २०१९ साली तसा इशारा माहितीपत्रकात देण्यास सांगितले. क्रूस हा शब्द तेथे शोभेल, आणि तोही दोघांनी मिळून उचललेला.

म्हणून डॉक्टरांनी हा प्रश्न आपणहून विचारावा, आणि विवाहपूर्व शिबिरांत धर्मगुरूंनी मनाच्या आजाराचे नाव उघडपणे घ्यावे. घरात मात्र पहिला शब्द रुग्णानेच उच्चारावा लागेल: “हे औषधामुळे होते आहे, तू मला नकोशी झालेली नाहीस.” एवढे एक वाक्य ऐकायला मिळाले, तर कित्येक पत्नींच्या मनावरील दगड उतरेल. आणि ते ऐकून घेणाऱ्या जोडीदाराला, वेदीसमोर दिलेल्या वचनातील ‘आजार’ या शब्दाचा अर्थ त्या रात्री कळेल.