दुसऱ्याचा दोर

होडी बांधायला मी शिकलो ते एका फजितीवरून. सातवीत होतो. भरतीच्या टोकाला होडी धक्क्याला लागली, मी दोर चांगला ताणून बांधला आणि छाती पुढं काढून घरी आलो. आमच्या वाघोटणच्या खाडीत उधाणाला पाणी सात-आठ फूट खालीवर होतं. सहा तासांनी जाऊन बघतो तर होडी एका अंगानं दोराला लटकलेली आणि आतली भाताची पोती भिजलेली. बाबा एवढंच म्हणाले, "भरतीक बांधलंस, सुकतीक काय करतलंस?"

तेव्हापासून बांधण्याच्या कामात मी कुचराई केलेली नाही. एक दोर पुढं, एक मागं, आणि दोन लांब तिरके. पुढचा तिरका मागच्या खुंटाला, मागचा पुढच्या खुंटाला. तिरके लांब असले की पाणी उतरलं तरी फार ताणत नाहीत आणि होडी धक्क्यावर पुढंमागं धावत नाही. दोर नायलॉनचा घ्यावा, तो थोडा ताणतो आणि हिसका पोटात घेतो. स्वस्तातला प्लॅस्टिकचा दोर दोन उन्हाळ्यांत कुसळासारखा होतो. होडीवरची दोन कानांची लोखंडी खुंटी, बाजारात तिला क्लीट म्हणतात, ती नुसत्या स्क्रूवर ठोकू नये. वाऱ्यात फळीसकट उपटून येते. आरपार बोल्ट घालावा, आतून लाकडाचा जाड तुकडा द्यावा. शॅकल असेल तर पिनेला तार गुंडाळावी, नाहीतर हलून हलून ती आपोआप उलगडते. आणि धक्क्याच्या कडेवर दोर घासतो तिथं जुन्या पायपाचा तुकडा चढवावा. दोर बहुतेक वेळा तिथंच मरतो.

एवढं सगळं येत असून १५ मे २०२१ च्या संध्याकाळी मी जे केलं, किंवा केलं नाही, ते अजून मनातून जात नाही.

तौक्ते वादळ येणार म्हणून रेडिओ, मोबाईल सगळे ओरडत होते. मी शीड उतरवून घरी नेलं, परबाण आडवं बांधलं, चारही दोर दुहेरी केले. पंधरा हात दोर शिल्लक राहिला. शेजारी भावकीतल्या एकाची होडी होती. तिला पुढं एकच दोर, तोही कडेवर घासून अर्धा झालेला, आणि कडी गंजून पापुद्रे सुटलेली. मागं काहीच नाही. मालक कोरोनानं घरी अंथरुणावर. ते मला माहीत होतं. आमचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. बांध दीड फूट सरकला, त्यावर एक काजूचं झाड, तेवढ्यावरून.

आमच्याकडे दुसऱ्याच्या होडीच्या दोराला विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. चांगला रिवाज आहे. ज्याचा त्याचा पाण्याचा हिशोब असतो, आपण भलं करायला जातो आणि त्याची होडी सुकतीला आडवी होते. मी तो रिवाज मनातल्या मनात म्हणून घेतला आणि हातातला दोर गुंडाळून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी रविवारी वारा आला. आमची दहा कलमं आणि पडवीचे पत्रे गेले. होडी राहिली. त्याची दोन दिवसांनी वरच्या अंगाला कांदळात सापडली, नाळ फुटलेली, एक बाजू नाहीच.

वाईट करणारा माणूस नियम मोडतो असं आपण धरून चालतो. मी तर नियम पाळला होता. पण तीच होडी माझ्या मेव्हण्याची असती तर मी विचारायला थांबलो असतो का? नसतो. चार दोर टाकून वर फोन करून शिवी हासडली असती, "अरे, होडी आहे की म्हशीचं रेडकू?" म्हणजे मला अडवलं ते रिवाजानं नाही.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती खोटी नाही. मी बांधली असती आणि तरीही तुटली असती तर? दुखणं बरं झाल्यावर त्यानं सरळ म्हटलं असतं, यानंच सोडली. नऊ वर्षांत आम्ही एकमेकांवर याहून हलके आरोप केलेले नाहीत. ही भीती खरीच होती. पण मग हात लावायचा नव्हता तर नव्हता, कुंपणाबाहेरून त्याच्या पोराला हाक मारता आली असती. "दोर बघ रे बाबाचो." तीन-चार शब्दांचं काम. त्यात कसला आळ येणार होता? बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्याने तरी तुमका सांगला असता काय?" बहुतेक नसतं. पण त्यानं काय केलं असतं याचा हिशोब मी कशाला मांडू?

पावसाच्या तोंडावर तो पोरगा वाटेत भेटला. नववीतला. थांबला आणि म्हणाला, "काकानू, तुमी त्या सांजेक धक्क्यारच होतास मां?"

मी "होय" म्हटलं. तो आणखी काही विचारील म्हणून उभा राहिलो. त्यानं विचारलं नाही.

नारळी पुनवेनंतर त्यांनी जुनी एक होडी आणली. तीही पुढं एकाच दोरावर असते. माझा तो पंधरा हात दोर पडवीत खुंटीला टांगलेला आहे. दोनदा काढून त्यांच्या बेड्यापर्यंत गेलो आणि परत आलो. दोर चांगला आहे, उन्हात ठेवलेला नाही.