मशीद रस्त्यावरचं घर

धाड गावाहून रामेश्वरच्या यात्रेला गेलेली मंडळी बावीस तीर्थांत अंघोळ करतात, दर्शन घेतात, मग कुणीतरी म्हणतं, "चला, राष्ट्रपती झालेल्या अब्दुल कलामांचं घर बघू." मंदिराजवळच, मशीद रस्त्यावर. वरच्या मजल्यावर संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरला आगगाडी थांबेनाशी झाली, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करायला याच घरातला पोरगा जायचा.

कलामांचं घर असं जपलं गेलं. मुंबईत मात्र शास्त्रज्ञ होमी भाभांचा 'मेहरांगीर' बंगला २०१४मध्ये ३७२ कोटींना विकला गेला, २०१६मध्ये पाडलाही. विकणारी संस्था कलेसाठी झटणारी होती, हे खरं. तरी मला ते पटलेलं नाही.

नातवंडांना रामेश्वरला न्याल, तेव्हा तासभर त्या घरासाठी राखून ठेवा. गाडीवाला घाई करेल, करू द्या.