‘देव जाणतो’ एवढ्यावर भागत नाही

कामाच्या ठिकाणी एखाद्यावर खोटा आळ आला की भोवतालची भली माणसे बहुधा एकच सल्ला देतात: मनावर घेऊ नकोस, वर बसलेला सगळे पाहतो आहे, आज ना उद्या खरे बाहेर येईलच. या सल्ल्यामागे धर्म उभा आहे अशी सर्वांची समजूत असते. गीतेच्या 12व्या अध्यायातल्या भक्ताला निंदा आणि स्तुती सारखीच, मग आपण कशाला खुलासे करत हिंडायचे? मला ही समजूत चुकीची वाटते, आणि तिने आजवर बऱ्याच निरपराध माणसांना एकटे पाडले आहे. निंदेने मन ढळू न देणे ही एक गोष्ट आणि चारचौघांत पसरलेले असत्य तसेच राहू देणे ही दुसरी. पहिली साधना आहे. दुसरीत सगळ्यांचेच नुकसान आहे. खुद्द गीता सांगणाऱ्या कृष्णावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला, तेव्हा तो द्वारकेत समत्व बाळगून बसून राहिला नाही. भागवतातला कृष्ण माग काढत जांबवानाच्या गुहेपर्यंत गेला आणि मणी आणून त्याने तो राजसभेत, सर्वांसमक्ष सत्राजिताला परत केला.

पण या प्रश्नाचा सर्वांत नेमका विचार मला विनयपिटकात दिसतो. भिक्षुसंघाचे हे नियम धर्मानंद कोसंबींच्या ‘बौद्धसंघाचा परिचय’ या पुस्तकाने मराठीत आणले. तिथली दब्ब मल्लपुत्त या भिक्षूची हकिगत आजच्या कोणत्याही कचेरीत घडावी अशी आहे. राजगृहाच्या वेळुवनात भिक्षूंना राहण्याची जागा नेमून देणे आणि कोणी कोणाकडे जेवायला जायचे ते ठरवणे हे काम दब्बाकडे होते. वाटपाचे काम करणाऱ्यावर कोणी ना कोणी नाराज असतोच. मेत्तिय आणि भुम्मजक या भिक्षूंच्या गटाला वारंवार निकृष्ट जागा आणि निकृष्ट जेवण वाट्याला येई. एकदा उत्तम अन्न देणाऱ्या एका गृहस्थाकडे त्यांची पाळी लागली, पण उद्या हे येणार असे कळताच त्या गृहस्थानेच, आपल्या मर्जीने, त्यांना दारातल्या ओसरीवर बसवून कण्या आणि आंबट कांजी वाढायला सांगितले. यांनी मात्र मनाशी ठरवून टाकले की दब्बानेच त्याचे कान भरले. मग मेत्तिया नावाच्या भिक्षुणीला पुढे करून त्यांनी दब्बावर बलात्काराचा आरोप करवला. आळ कसा जन्मतो ते इथे लख्ख दिसते: आधी अपमान, मग त्याच्या कारणाचा अंदाज, आणि त्या अंदाजाचीच पुढे खात्री. वाईट जेवण मिळाले एवढेच त्यात खरे होते.

बुद्धाने संघ जमवून दब्बाला विचारले, असे काही केल्याचे तुला आठवते का? दब्ब उत्तरला की मी कसा आहे ते भगवान जाणतातच. श्रद्धाळू माणसाचे याहून नम्र उत्तर कोणते असणार? तरीही बुद्धाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि आरोप असा टोलवायचा नसतो, केले असेल तर केले म्हण, नसेल तर नाही म्हण, असे त्याला बजावले. तेव्हा दब्बाने स्वप्नातही असे घडले नसल्याचे सांगितले. ज्याच्या जाणण्याचा हवाला दब्ब देत होता तोच समोर बसला होता, तरी तो हवाला पुरला नाही. कारण प्रश्न बुद्धाच्या मनातला नव्हता, संघाच्या मनातला होता. ज्यांच्यासोबत रोज राहायचे आणि काम करायचे, त्यांना आपल्या तोंडून स्पष्ट नकार ऐकण्याचा हक्क असतो. तो न देणे याला नम्रता म्हणता येणार नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. आरोपितालाच असे बळ दिले तर खरी पीडित व्यक्ती तक्रार करायला धजेल का? ही भीती मी हलकी मानत नाही. त्या कथेत मेत्तियेला संघातून काढायला सांगितले गेले आणि तिला चिथावणाऱ्यांची चौकशी झाली, हा निवाडा मला खटकतो. आम्हीच तिला भरीस घातले, तिचा दोष नाही, हे त्या भिक्षूंनी स्वतःच कबूल केले. पण त्यावरून पुढे निराधार आरोपाविरुद्ध झालेला नियम पाहावा. निराधार म्हणजे न पाहिलेले, न ऐकलेले आणि मनात शंकाही नसलेले. समोरचा दोषी आहे असे ज्याला खरोखर वाटते, तो चुकला तरी या नियमाने अपराधी ठरत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा आपला 2013चा कायदाही हाच भेद करतो: तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. तेव्हा लढा तक्रारदाराशी नाही, जाणूनबुजून रचलेल्या असत्याशी आहे. कुजबुजीला तर तक्रारदारच नसतो, असेही कोणी म्हणेल. म्हणूनच तिला हेच तीन प्रश्न विचारायचे: पाहिले कोणी, ऐकले कोणाकडून, शंका कशावरून? ‘पाहिले’ हे उत्तरही तपासावे लागते: पुढे मेत्तिय-भुम्मजकांच्या गटाने एका बोकडाला दब्बाचे आणि शेळीला मेत्तियेचे नाव देऊन, आता आम्ही डोळ्यांनी पाहिले, असा कांगावा केला; अशा आडून केलेल्या आरोपासाठी विनयात वेगळा नियम आहे.

राहिली संघाची बाजू, आणि आपल्या संस्था सर्वांत उण्या पडतात त्या इथेच. दब्ब निर्दोष ठरला तेवढ्यावर संघ थांबला नाही. त्याचे निर्दोषत्व संघासमोर जाहीर करणारा सतिविनय नावाचा विधी झाला: दब्बाने तीनदा याचना केली, संघापुढे ठराव मांडला गेला, तो तीनदा घोषित झाला, आणि कोणाची हरकत असेल तर ती तिथेच बोलायची होती. आपल्याकडे आळ कँटीनमध्ये, जिन्यात, व्हॉट्सॲपच्या गटांवर पसरतो आणि निर्दोषत्वाचे पत्र मात्र बंद पाकिटातून एकट्याच्या हाती येते. ते पत्र ज्यांनी कुजबूज ऐकली त्या सर्वांसमोर वाचले जावे, अशी मागणी आळ आलेल्या माणसाने लेखी करावी, आणि उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही करावी.