कानात बोळे की कानावर हात?

माणसाला डोळे मिटता येतात, तोंड बंद ठेवता येते. कान मात्र मिटता येत नाहीत. कानाला पापणी नाही. झोपेतही तो जागाच असतो, म्हणून तर मूल कण्हले तरी आई उठून बसते. निसर्गाने जे दार दिले नाही, ते माणसाने बाजारातून आणून बसवले. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, चार माणसांत बसून हे दार लावून घेण्याचा हक्क आपल्याला आहे काय? आणि असलाच, तर ते कोणत्या रीतीने लावावे?

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो एका क्षुल्लक निमित्ताने. तीन वर्षे आम्ही कानाच्या आत बसणारे, रबरी टोकाचे इयरफोन वापरत होतो. गेल्या वर्षी ते ठेवून दिले आणि पूर्वीसारखा, डोक्यावरून येऊन दोन्ही कान झाकणारा मोठा हेडफोन घेतला. शाळेत थट्टा झाली. "सर, विमान चालवायला निघालात काय?" असे एका सहकाऱ्याने विचारले. खिशात मावणारी वस्तू सोडून ओझ्याची वस्तू का घ्यावी, हे कोणाला कळेना.

शरीराचे कारण होतेच. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची. तिच्यातला मळ आपोआप बाहेर सरकत असतो. रबरी टोक त्याची वाट अडवते. शिवाय नळी घट्ट बंद झाली की आपलेच बोलणे, आपलेच चावणे डोक्यात घुमू लागते. जगाचा आवाज बंद केला की स्वतःचाच आवाज मोठा होतो. हे शरीरशास्त्र झाले, पण त्यात थोडे नीतिशास्त्रही आहे.

तरीही आरोग्याच्या नावाने आम्ही मोठ्या हेडफोनची वकिली करणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली जे मानक दिले, त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलचे ४० तास अशी मर्यादा आहे. यंत्र कानात आहे की कानावर, याने त्या हिशेबात फरक पडत नाही. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, हे दोन्हीकडे सारखेच खरे. आमचे कारण वेगळे आहे आणि ते समोरच्या माणसाशी संबंधित आहे.

एसटीत एक दृश्य आम्ही अनेकदा पाहतो. एखादे म्हातारे गृहस्थ शेजारच्या तरुणाला विचारतात, "बेटा, फाटा गेला का?" उत्तर येत नाही. ते पुन्हा विचारतात. मग गप्प बसतात आणि त्यांचा चेहरा उतरतो. तरुण उर्मट नसतो. केसांआड त्याच्या कानात काहीतरी असते एवढेच. त्याने कोणाचा अपमान केलेला नसतो, पण म्हाताऱ्याचा अपमान मात्र झालेला असतो. डोक्यावर मोठा हेडफोन दिसता, तर त्यांनी खांद्याला हात लावला असता.

मराठीत या दोन रीतींसाठी दोन वाक्प्रचार आहेत. एक 'कानात बोळे घालून बसणे' आणि दुसरा 'कानावर हात ठेवणे'. दोन्हीही निंदेचेच. पण कानावर हात ठेवणाऱ्याचे हात निदान दिसतात. 'मला यातले काही ठाऊक नाही' असे तो उघड सांगतो. बोळेवाला ऐकत असल्यासारखा बसतो. उर्दूत याला 'कान में तेल डालकर बैठना' म्हणतात. आणि ज्याचे सर्वांगच कान झाले आहे, अशा श्रोत्यासाठी 'हमातन-गोश' हा शब्द आहे. ही माणसे ओळखता न येणे, हीच आजची अडचण आहे.

ही अडचण यंत्र बनवणाऱ्यांनाही सुरुवातीला जाणवली होती. १९७९ साली सोनी कंपनीने वॉकमन काढला, तेव्हा एकट्यानेच गाणे ऐकत बसणे असभ्य वाटेल असे कंपनीचे अकिओ मोरिता यांना वाटले. प्रयोगाचे यंत्र त्यांनी घरी नेले तेव्हा पत्नीला तुटल्यासारखे झाले, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. म्हणून पहिल्या वॉकमनमध्ये दोघांसाठी दोन हेडफोन लावायची सोय होती, आणि एक बटणही होते. ते दाबले की गाणे हळू होई व दोघांना एकमेकांशी बोलता येई. गिऱ्हाइकांना मात्र ते यंत्र आपले एकट्याचेच वाटू लागले, आणि ते बटण पुढे इतिहासजमा झाले. कानाच्या आतल्या यंत्राची गोष्टही अशीच. १९९५ साली जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने अॅलेक्स व्हॅन हेलन या ड्रमवादकासाठी ते घडवले. रंगमंचाच्या गोंगाटात कलावंताला स्वतःचे आणि साथीदारांचे वादन नीट ऐकू यावे, हा त्याचा उपयोग. साथीदाराला ऐकण्यासाठी जन्मलेली वस्तू शेजाऱ्याला न ऐकण्याच्या कामी आली.

कोणी म्हणेल, आता बाहेरचा आवाज आत सोडणारे इयरफोनही मिळतात. खरे आहे, अॅपलने २०१९ साली अशी सोय दिली. पण तिने प्रश्न अर्धाच सुटतो. मला ऐकू येते आहे हे मला कळते, समोरच्याला कसे कळावे? त्याच्या दृष्टीने दार अजून बंदच आहे.

यापेक्षा वजनदार आक्षेप दुसरा आहे. दोन खोल्यांत आठ माणसे राहतात, अशा घरातली दहावीची मुलगी ओढणीखाली इयरफोन लावून अभ्यासाची ध्वनिफीत ऐकते. तिला मोठा हेडफोन घाल म्हणणे म्हणजे तिची एकुलती एक खोली काढून घेणे आहे. तो डोक्यावर दिसला की कोणीतरी हाक मारून कामाला लावणारच. आम्ही तिला दोष देणार नाही. जिथे उघडपणे कान मिटायची परवानगी नसते, तिथे माणसाला ते लपून मिटावे लागतात. दोष त्या घराचा.

म्हणूनच आम्हाला वाटते, उघडपणाचे बंधन सर्वांवर सारखे नाही. ज्याच्याकडे लोक काही मागायला येतात, त्याच्यावर ते अधिक आहे. शिक्षक, बाप, खिडकीपलीकडचा कारकून, मतं मागून गेलेला पुढारी यांनी थकून कान मिटले तर समजू शकते. पण ऐकत असल्याचा आव आणून मिटू नयेत. दार बंद आहे हे कळले तर माणूस थांबेल किंवा दुसरे दार ठोठावेल. उघडे वाटणाऱ्या बंद दाराशी तो नुसता उभा राहतो.

आमच्या मालेगावात हा विचार निव्वळ हौसेचा राहत नाही. यंत्रमागाचा खडखडाट ९० डेसिबलच्या पुढे जातो. त्यात बारा-बारा तास उभे राहिलेले पालक शाळेच्या सभेला येतात तेव्हा मोठ्याने बोलतात; नव्या शिक्षकाला वाटते, भांडायलाच आले आहेत. त्यांचेही न ऐकणे बाहेरून दिसत नाही, आणि लोक त्यांना घमेंडी म्हणून मोकळे होतात. त्यांचे कान त्यांना न विचारता मिटले. आमचे कान आम्ही निवडून मिटतो. ज्याला निवड आहे, त्याने एवढे तरी सौजन्य दाखवावे की आपले मिटणे दिसू द्यावे.

मोठ्या हेडफोनचे आम्हाला कौतुक नाही. मे महिन्यात त्याखाली कान घामाने भिजतात आणि प्रवासात तो पिशवीतली अर्धी जागा खातो. पण तो लावलेला दिसतो, आणि कोणी बोलायला आले की काढून गळ्यात घेतलेलाही दिसतो. बोलायला आलेल्या माणसाला तोंड उघडण्याआधीच कळते की, आता हे कान आपले आहेत.